शिट्टीचं स्टेशन

माझ्या धाकट्या भावाला डावं-उजवं कळत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. त्याच्या कामाच्या खोलीत कुणी आलं आणि हात कुठे धुवू म्हणून विचारलं, की हा मान वर न करता सांगणार, "आत जा, उजवीकडचं दार." माणूस बिचारा उजवीकडचं दार उघडायचा आणि झाडू-बादल्यांवर जाऊन आदळायचा. मग स्वयंपाकघरातून माझ्या भावजयीचा आवाज यायचा, "डावीकडचं हो, डावीकडचं! ह्यांची उजवी म्हणजे जगाची डावी!"

खरं सांगायचं तर त्याला डावं-उजवं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. घोळ धंद्याचा होता. तो कवळ्या करायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना, माझ्या भावाने जन्मभर दात कोरूनच पोट भरलं. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचं प्लॅस्टरचं माप पाठवायचे आणि सांगायचे, उजवीकडचा सुळा असा, डावीकडची दाढ तशी. आता उजवीकडचा म्हणजे कुणाच्या उजवीकडचा? ज्याचं तोंड, त्याच्या. ते तोंड तर आपल्याकडे बघत असतं, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. शिकाऊ होता तेव्हा एकदा याने उलटं केलं, आणि एका तापट बाईंनी ती कवळी त्याच्या अंगावर भिरकावली. "घे, तुझ्या तोंडात बसते का बघ," म्हणाल्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. समोर कपाट असो, दार असो की माणूस, याची उजवी म्हणजे समोरच्याची उजवी. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रडणं यावरूनच आहे.

भावजयीला आम्ही शिट्टी म्हणायचो. नवी नवरी म्हणून घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात गॅलरीत उभी राहून, दोन बोटं तोंडात घालून तिने खाली चाललेल्या पाववाल्याला अशी शिट्टी मारली, की आईच्या हातातली बशी खाली पडली. "अगं बाई, घरंदाज पोरी शिट्ट्या मारतात का?" आई म्हणाली. ही शांतपणे म्हणते, "सासूबाई, हाका मारून घसा बसतो. शिट्टीने नाही बसत." आईने कपाळाला हात लावला. पण पुढे बाजाराच्या गर्दीत चुकामूक झाली, की आईच कान टवकारून उभी राहायची, सुनेची शिट्टी कुठून येते म्हणून.

शिट्टी स्टेशनावर वाढलेली होती. तिचे वडील एका आडबाजूच्या छोट्या स्टेशनावर सांधेवाले होते, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. राहायला रुळांच्या पलीकडे रेल्वेची एक खोली. त्या स्टेशनाच्या गोष्टी ऐकून माझे तर कान किटले होते. "आमच्या दारात उभं राहिलं ना ताई, की समोर स्टेशन. उजव्या हाताला पाण्याची टाकी, टाकीखाली तुतीचं झाड, झाडाला आमचा झोका. डाव्या हाताला फाटक, आणि त्याच्यापुढे डोंगर. गाडी बोगद्यातून बाहेर आली की बाबा मला म्हणायचे, वाजव. मग मी वाजवायची, आणि ड्रायव्हर उलट शिट्टी द्यायचा." हे सांगताना ती प्रत्येक वेळी हात करून दाखवायची, अशी टाकी, असा डोंगर. मी मशीनवर पाय मारत हो हो म्हणायची. मी शिवणकाम करते, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

पुढे ती लाइनच बंद झाली. रूळ उखडले, स्टेशन पाडलं, डोंगर खडीसाठी फोडून नेला. आता तिथे मालाची गोदामं आहेत. साधा एक फोटो म्हणून कुणाकडे नव्हता. सांधेवाल्याच्या घराचे फोटो कोण काढतो?

त्या दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही खपली काढली नाही. दिवसभर तो पुढच्या खोलीत दात घासत, ती त्याच्यासमोर बसून बडबडत. मग तिला मणक्याचं दुखणं लागलं. साधं म्हणता म्हणता ते साधं राहिलं नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर एकदा त्याने तिला विचारलं, "तुला काय हवंय सांग. काय आणू?" आणि ती म्हणाली, "मला एकदा घरी जायचंय." हा म्हणाला, "नेतो की, डॉक्टर सोडतील आठवड्यात." तेव्हा ती म्हणाली, "ते घर नाही हो."

दुसरा नवरा असता तर बायकोचा हात हातात घेऊन रडला असता. आमचा घरी आला आणि त्याने माळ्यावरचं जुनं दार खाली काढलं.

त्या दारावर त्याने स्टेशन मांडलं. रूळ आणि एक छोटं विजेवर चालणारं इंजिन तेवढं विकत आणलं, बाकी सगळं हाताने. कवळ्यांची कामं त्याने दुसऱ्यांकडे वळवली. दिवसा तिच्यापाशी, आणि तिथून आला की दारापाशी. डोंगर केला तो कवळ्यांच्या प्लॅस्टरचा, आणि प्लॅस्टर कमी पडायला नको म्हणून आत भर घातली जुन्या मापांची. म्हणजे त्या डोंगराच्या पोटात अर्ध्या गावाचे जबडे आहेत. फलाटाच्या कडेला स्टेशनमास्तरांची फुलबाग होती आणि तिला चुना लावलेल्या दगडांची कड होती, असं शिट्टी सांगायची. तिथे याने कवळीचे पुढचे दात ओळीने लावले. मी म्हटलं, "अरे, ही बाग माझ्याकडे बघून दात काढतेय." त्यावर तो हसला. त्या दिवसांत हसलेला मी तेवढाच पाहिला.

सगळं तिच्या सांगण्याबरहुकूम केलं होतं. तिचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. अलीकडच्या कडेला त्यांची खोली, स्टेशन समोर, उजव्या हाताला टाकी. आणि उजवा हात म्हणजे काय, हे माझ्या भावाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी मग एक दिवस सांगितलं, आता घरी न्या. कशासाठी ते आम्हाला कळलं. त्याने तिची खाट कामाच्या खोलीतच लावली, आणि ते स्टेशनाचं दार खाटेशेजारी, भिंतीला लागून, गादीच्या उंचीला. तिला आणून टेकवलं आणि त्याने वरची चादर काढली. मी उशी धरून मागेच उभी होते.

ती बघतच राहिली. एकदा तिचा उजवा हात उचलला गेला, थोडासा, आणि परत गादीवर पडला. मला वाटलं, अशक्तपणा. तिचे डोळे भरून आले. हा बिचारा मागे हातात इंजिनाचं बटण घेऊन उभा. परीक्षेला बसलेल्या पोराने निकाल ऐकायला उभं राहावं तसा उभा. "हेच का गं?" त्याने विचारलं. "बरोबर झालंय का?"

"हो," ती म्हणाली. "हेच. अगदी हेच."

नंतर एकदा ती म्हणाली, "अहो, तुमचा तो गिऱ्हाइकांचा आरसा द्या ना मला." नवी कवळी बसवली की माणसाला तोंड दाखवायला एक गोल आरसा होता, वाकणाऱ्या दांड्याचा. मी म्हटलं, "काय गं, नटायचंय वाटतं?" तर म्हणते, "मला कुठे बघतेय ताई. घर बघायचंय. या कुशीवर पाठ फार दुखते हो, त्या कुशीवर झोपून आरशात बघीन." त्याने आरसा पलीकडे खिडकीच्या कठड्याला आवळून बसवला. "जरा खाली. थोडा इकडे. हां, आता राहू द्या." आणि त्या बाईच्या तोंडावर असं हसू आलं की मला बरं वाटलं, चला, पाठीला आराम पडला.

तेव्हापासून ती स्टेशनाकडे पाठ करून झोपायची आणि आरशात बघायची. हा तिच्या मागे, दारापाशी स्टूल टाकून बसायचा आणि बटण दाबायचा. बोगद्यातून इंजिन बाहेर आलं की ती दोन बोटं तोंडाशी न्यायची. शिट्टी कसली, नुसती फुंकर यायची. मग हाच तोंडाने इंजिनाची शिट्टी वाजवायचा. त्याला शिट्टी वाजवता येत नाही, जन्मात आली नाही. कुकर बिघडल्यासारखा आवाज यायचा, आणि ती हसायची.

गुलाबी मेणाची त्याने एक मुलगी केली होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, दोन बोटं तोंडात घातलेली. "हिला तुमच्या खोलीच्या दारात उभी करू?" म्हणाला. "एवढ्यात नको," शिट्टी म्हणाली. "सगळं झालं की मग मला ठेवा. शेवटी."

सगळं व्हायच्या आत ती गेली.

तो रडला नाही. स्टेशनावर चादर घातली, मुलगी कापसात गुंडाळून आगपेटीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसला. पण हात थरथरायला लागले होते. आधी मला वाटलं दुःखाने असेल. डॉक्टर म्हणाले, दुःखाने नाही, हा आजार आहे आणि हा वाढणार. थरथरत्या हाताने दात कसले लावणार? त्याने काम बंद केलं. मी रोज डबा घेऊन जायची, तो अर्धा खायचा. "काय रे, काहीतरी बोल," म्हटलं तर, "काय बोलू ताई?" पालथ्या घड्यावर पाणी. दोन-दोन तास त्या रिकाम्या खाटेशेजारी बसून राहायचा. शेवटी मीच ओरडायची, त्यालाही आणि तिलाही. ती तर जाऊन सुटली होती.

आणि एक दिवस मेव्हण्याचा फोन आला. शिट्टीचा धाकटा भाऊ. बोटीवर स्वयंपाकी होता. बहीण गेली तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे, येऊ शकला नव्हता. आता नोकरी सोडून कायमचा जमिनीवर आला होता आणि भेटायला येणार होता.

त्या फोनने माझ्या भावात जीव आला. डबा उघडायच्या आत म्हणाला, "ताई, तुझी बारीक सुई आणि तो भिंगाचा चष्मा घेऊन ये."

"कशाला?"

"राहिलेलं सगळं पुरं करायचंय. तारा, टाकीची शिडी, झोका, कुंपण. माझे हात चालत नाहीत, तुझे चालतात." मग खाली बघून म्हणाला, "ते स्टेशन पाहिलेला आता जगात तो एकच माणूस उरलाय. त्याने एकदा बघून म्हटलं, दाजी, हेच आमचं घर, की मी सुटलो. तिच्याकडून एवढंच एक मागणं आलं होतं ताई. ते तरी नीट झालं का, हे मला कळायला पाहिजे."

"तिने सांगितलं की हेच म्हणून."

"ती आजारी होती. तिने चांगलंच म्हटलं असतं."

मग रोज दुपारी आमचं ते काम सुरू झालं. आयुष्यभर मी बायकांच्या ब्लाउजांना हुक लावले, आणि म्हातारपणी तारेच्या खांबांना दोरे लावत बसले. खांब म्हणजे काड्या, तार म्हणजे माझा काळा दोरा. मी ताणून बांधला की हा म्हणायचा, "सैल ठेव. उन्हात तारा लोंबायच्या, त्यावर पाखरं बसायची, असं ती सांगायची." मी म्हणायची, "पाखरं पण मीच बसवायची का?" तर हो, बसवायची होती. मोहरीच्या दाण्याएवढी, मेणाची. कुंपण जुन्या कंगव्याच्या दातांचं. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू, ती टाकून वरून थेंबाथेंबाने पातळ डिंक सोडायचा. औषध घालायच्या नळीने. एक थेंब जास्त पडला की खडी वाहून जाते आणि सगळं परत. टूथब्रशचे केस कापून, हिरवे रंगवून रुळांच्या कडेचं गवत केलं. "फलाटावर गवत नको," तो म्हणायचा, "मास्तर उपटून टाकायचे. टाकीखाली लाव, तिथे पाणी गळायचं." टाकीच्या शिडीची एक पायरी मुद्दाम मोडकी केली, कारण ती मोडकी होती आणि मेव्हणा लहानपणी तिथून पडला होता.

झोक्याला फार वेळ गेला. तुतीच्या फांदीला दोरा बांधायचा आणि खाली फळी. माझ्या हातून फळी तिरकीच व्हायची. मी वैतागून म्हटलं, "राहू दे की तिरका, कोण बसणार आहे त्यावर?" बोलून गेले. त्याने मान फिरवली. मी मुकाट्याने दोरा उसवला आणि परत बांधला.

राहता राहिली ती आगपेटीतली मुलगी. "तिला मेव्हण्यासमोर ठेवू," तो म्हणाला. "त्याने बघून हो म्हटलं की."

मेव्हणा आला. गोल गरगरीत, रांगडा माणूस, पोटात एक आणि ओठात एक असं त्याच्यात काही नाही. आल्या आल्या माझ्या भावाला मिठी मारून हमसून रडला, आणि मग चहात बुडवून अर्धा पाव खाल्ला. चहा संपल्यावर माझा भाऊ उठला. "तुला काही दाखवायचंय," म्हणाला, आणि थरथरत्या हाताने त्याने चादर ओढली. दुपारचं ऊन सरळ स्टेशनावर पडलं होतं. खरं सांगते, मलाही त्या दिवशी ते खरं वाटलं.

मेव्हणा खाली वाकला. त्याचा श्वास ऐकू येत होता. "बापरे," म्हणाला. "दाजी, ही मोडकी पायरी! मास्तरांची बाग! अहो, कंदिलाची खुंटीसुद्धा!" माझ्या भावाचा चेहरा उजळत चालला. आणि मग मेव्हण्याने उजवा हात पुढे केला, कशाला तरी हात लावायला, आणि तो हात फाटकाजवळच्या मोकळ्या रुळांवर तसाच राहिला. त्याने डावीकडे बघितलं. परत उजवीकडे. कपाळाला आठ्या पडल्या.

"पण दाजी, टाकी इकडे होती," तो म्हणाला. "आमच्या दारातून बघितलं की टाकी या हाताला. आणि डोंगर त्या बाजूला. तुमचं सगळं उलटं झालंय की."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी त्याला डोळ्यांनी दटावत होते, पण त्याचं लक्ष होतं का? "म्हणजे केलंय फार सुरेख," तो म्हणाला, "पण हे आमचं नाही. आमचं स्टेशन पलटी मारून ठेवलंय."

माझा भाऊ स्टेशनाकडे बघत राहिला. मग त्याने आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग डावा. त्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. ती हात करून दाखवायची ना, उजव्या हाताला टाकी. तिच्या उजव्या हाताला, दारात उभ्या असलेल्या मुलीच्या. आणि याने स्टेशनाचा चेहरा समोर ठेवला, एखाद्या जबड्यासारखा, आणि स्टेशनाच्या उजव्या हाताला टाकी बसवली. तापट बाईची कवळी आयुष्यात एकदा उलटी झाली, त्यानंतर एक दात चुकला नाही. आणि एवढं एक चुकायला नको होतं, तेच.

तो खाली स्टुलावर बसला. "ती म्हणाली होती, हेच," तो म्हणाला. "अगदी हेच, म्हणाली. ताई, ती खोटं बोलली. माझी कीव आली तिला. तिला घरी जायचं होतं आणि मी तिला भलतीकडेच नेऊन सोडलं. तशीच गेली ती."

"अरे, काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं. त्याने प्लॅस्टर खरवडायची पट्टी उचलली. मी त्याचं मनगट धरलं. हात इतका थरथरत होता की आधी मला कळेना, तो डोंगर फोडायला निघालाय की नुसताच थरथरतोय. मेव्हण्यावर असा संताप आला होता मला! पण बोलणार काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ. "तू बस तिकडे," एवढंच मी त्याला म्हटलं, "आणि तोंड मिटून बस."

मेव्हणा बहिणीच्या खाटेवर बसला, आमच्याकडे पाठ करून. रुमाल सापडेना म्हणून बाहीने डोळे पुसत होता. समोर खिडकीला तो गोल आरसा तसाच होता, तिच्या वेळेपासून, धुळीने भरलेला. त्याने त्यावरूनही बाही फिरवली. आणि मग त्याचं नाक ओढणं एकदम थांबलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "हा आरसा इथे कुणी लावला?"

"मी. तिने मागितला होता. त्या कुशीवर पाठ दुखते म्हणाली."

"दाजी, इकडे या."

"नको."

"या ना हो. तुम्हाला माझ्या बहिणीची शप्पथ."

तो उठेना. मी त्याला काखेत हात घालून उठवलं आणि खाटेवर आणून बसवलं, तिच्या जागी, स्टेशनाकडे पाठ करून. त्याच्या खांद्यावरून मीही वाकून बघितलं.

आरशात उजव्या हाताला टाकी होती. टाकीखाली तुती, तुतीला झोका. डाव्या हाताला फाटक, त्याच्यापुढे डोंगर आणि बोगदा. अगदी तिने हात करून दाखवलं होतं तसं.

"हे आमचं घर," मेव्हणा म्हणाला. "दाजी, हे बघा. हेच."

तिने आल्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणून तो हात उचलला गेला आणि परत पडला. तोवर प्लॅस्टर बसलं होतं, रूळ ठोकले होते. तिने त्याला एका शब्दानेही कळू दिलं नाही, आरसा मागितला, आणि रोज आपल्या घरी जाऊन येत राहिली.

आणि तेव्हा माझा भाऊ रडला. ती गेली त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही, पण मी त्याला थांबवलं नाही. "मला सांगायचं होतंस गं," तो म्हणत होता, "मी सगळं फोडून परत केलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं तिने," मी म्हटलं. "तू फोडून परत करत बसला असतास, आणि तिच्याकडे दिवस किती उरले होते? ते तिला तुझ्याबरोबर घालवायचे होते, प्लॅस्टर वाळायची वाट बघण्यात नाही."

त्याने तळहाताने डोळे पुसले आणि परत आरशात बघितलं. मग म्हणाला, "ताई, मी तिच्या मागे बसायचो. बटण घेऊन. एकदाही इथे येऊन तिच्या शेजारी बसलो नाही गं. ती रोज घरी जायची आणि मी बरोबर नव्हतो."

मी पदराने आरशाची उरलेली धूळ पुसली. काही गोष्टींवर बोलून इलाज होत नाही, माझ्यासारख्या बोलभांडीलाही एवढं कळतं.

थोड्या वेळाने तो त्या कुशीवर आडवा झाला, ती झोपायची तसा. उशीवर डोकं टेकून म्हणाला, "ताई, आगपेटी कपाटात आहे. तिला ठेव आता. सगळं झालं."

मी आगपेटी आणली. कापसातून मुलगी काढली, तिच्या पायाला डिंकाचा टिपका लावला, आणि चिमट्यात धरून दारापाशी वाकले. सांधेवाल्याच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी केली. तो आरशात बघून म्हणाला, "अशी मधोमध नाही. जरा उजवीकडे घे."

माझा हात अडला. इतकी वर्षं या माणसाच्या उजवीकडच्या दाराने मी झाडू-बादल्यांवर आदळत आले होते.

"कुणाच्या उजवीकडे रे?" मी विचारलं. "तुझ्या, का जगाच्या?"

"तिच्या," तो म्हणाला.

मी त्या मुलीला टाकीच्या बाजूला सरकवलं. डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला काही नीट दिसत नव्हतं, म्हणून डिंक वाळेपर्यंत तिला बोटाने तशीच धरून ठेवली. मेव्हण्याने न सांगताच बटण दाबलं. बोगद्यातून इंजिन बाहेर आलं, आणि माझ्या भावाने दोन बोटं तोंडात घातली.